लॅक्स्टन

लॅक्स्टन : इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यातील एक लहान खेडे. न्यूअर्क शहराच्या वायव्येस वसलेले. मध्ययुगीन इंग्लंडातील बिनकुंपणाची, तीन रानांची शेती येथे आजही चालू आहे.

१०८६ च्या ‘डूम्सडे’ नोंदवहीत गावाचा उल्लेख आढळतो. गावाच्या उत्तरेस नॉर्मन किल्ला होता. त्याचे मातीचे उंचवटे तेवढे उरले आहेत. सर विल्यम कोर्टन या व्यापाऱ्यासाठी मार्क पीअर्सने १६३५ मध्ये केलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात शेतजमिनीचा प्रत्येक पट्टा दाखवला असून शेतात राबणारी माणसेही चितारली आहेत. जमिनीच्या इतिहासाचे इतके जिवंत साधन क्वचितच सापडते.

वेस्ट, साउथ आणि मिल ही तीन मोठी राने. दरवर्षी एकात गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तिसरे पड. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही रानांत विखुरलेले, त्यामुळे घरे शेतात नाहीत, रस्त्याकडेला दाटीने आहेत, आपल्या गावठाणासारखीच.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या हजारो कायद्यांनी इंग्लंडभर अशा जमिनींना कुंपणे पडली. लॅक्स्टन वाचले, कारण येथल्या दोन बड्या जमीनदारांचे वाटणीवर एकमत झाले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांपैकीच एका घराण्यातील अर्ल मॅन्व्हर्स यांनी पट्टे एकत्र करून त्यांची संख्या घटवली, पण पद्धत मोडली नाही.

ती टिकवली मात्र शेतकऱ्यांनी. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांच्यातलेच पंच गव्हाचे रान पायाखाली घालतात आणि हद्दीच्या खुंट्या ठोकतात. कुणाचा नांगर वाटेत किंवा गवताच्या सामाईक पट्टीत घुसला असेल, तर त्याला दंड ठरतो. पंचही तिथेच नांगर धरतात, म्हणून स्वतःची चूक त्यांनाही झाकता येत नाही. पुढच्या आठवड्यात ‘कोर्ट लीट’ ही गावसभा भरून दंड कायम करते. १९७७ च्या कायद्याने देशातील अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, लॅक्स्टनचे राखले.

१९५२ मध्ये कृषी मंत्रालयाने मॅन्व्हर्स घराण्याची येथील मालमत्ता विकत घेतली. १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि २०२० मध्ये, मॅन्व्हर्स घराण्याच्या वारसांकडील थोर्सबी इस्टेटने ती पुन्हा घेतली.