सुई-दोऱ्याचें ऋण

चर्चच्या उत्सवाचा दिवस म्हटला कीं वेदीवरील फुलें, मेणबत्त्यांचा प्रकाश आणि गायन ह्यांची आठवण सर्वांस होते. परंतु वेदीवर अंथरलेल्या शुभ्र वस्त्राच्या कांठावर ज्या हातांनीं वेल काढला, त्या हातांची आठवण क्वचितच कोणास होते. ज्युबिलीच्या ह्या पुस्तिकेंत अनेक पूज्य धर्मगुरूंचीं व कार्यकर्त्यांचीं नांवें येतील, व तीं येणें उचितच आहे. आम्हीं मात्र येथें, ज्यांचीं नांवें कोणत्याही दप्तरांत सहसा लिहिलीं गेलीं नाहींत, अशा हातांच्या कलेचा वृत्तान्त थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे. ही कला म्हणजे भरतकाम होय.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करणें बरें. पैठणीच्या पदरावरील मोर मागावरच विणला जातो. तें भरतकाम नव्हे. तयार कापडावर सुई-दोऱ्यानें मागाहून जी नक्षी उठवितात, तिला भरतकाम किंवा कशिदा म्हणतात. कशिदा हा शब्द आपल्या भाषेंत फारसींतून आला. धांवदोरा, उलटी टीप, साखळी, फुली, गांठ आणि भरीव टांका असे ह्या कलेचे मुख्य टांके मोजकेच आहेत. परंतु सात स्वरांतून जसे असंख्य राग निघतात, तशा ह्या मोजक्या टांक्यांतून असंख्य आकृति निघतात. जरीच्या कामाची रीत थोडी निराळी असते. कलाबतू कापडांतून आरपार ओढला तर त्याची झिलई उडते आणि कापडही विरतें. म्हणून तो कापडावर वरच्या वर मांडून बारीक रेशमी दोऱ्यानें जागजागीं टांचतात.

ही कला किती प्राचीन आहे, हें पवित्र शास्त्रावरून कळतें. निर्गमाच्या पुस्तकांत निवासमंडपाच्या कारागिरांचीं नांवें दिलीं आहेत. त्यांत दान वंशांतील अहलियाब हा निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताचें वेलबुट्टीचें काम करणारा म्हणून सांगितला आहे. नव्या करारांत यापो शहरची तबिथा आढळते. ती मरण पावली तेव्हां गांवच्या विधवांनीं तिनें शिवलेलीं वस्त्रें पेत्राला रडत रडत दाखविलीं. तेराव्या शतकांत असिसीची संत क्लारा आजारानें अंथरुणास खिळलेली असतांही उशांना टेकून सूत कातीत असे, आणि त्या सुताच्या कापडाचे पन्नासांहून अधिक वेदीरुमालांचे संच आसपासच्या चर्चना पाठविले गेले, असें तिच्या चरित्रांत सांगितलें आहे. आज तिला भरतकाम करणाऱ्यांची आश्रयदात्री मानितात.

पाश्चात्य देशांत तेराव्या व चौदाव्या शतकांत इंग्लंडांतील भरतकामाची कीर्ति मोठी होती. रोमच्या पोपांपर्यंत तेथील झगे जात असत. त्यांपैकीं एक सुप्रसिद्ध झगा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतो. आपला देशही ह्यांत मागें नव्हता. पोर्तुगीज लोक सोळाव्या व सतराव्या शतकांत बंगालच्या सातगांव भागांतून पिवळ्या टसर रेशमानें भरलेल्या पांढऱ्या रजया युरोपांत नेत. गोव्यास १६०६ सालीं सांता मोनिका हा धर्मभगिनींचा मठ स्थापन झाला. त्या मठाच्या वास्तूंत आतां ख्रिस्ती कलेचें संग्रहालय असून जुनीं भरजरी याजकवस्त्रें तेथें जपून ठेविलेलीं आहेत.

आतां आपल्या घराकडे वळूं. धारवाड व बेळगांवकडील इरकल लुगड्यांवर कसुतीचें काम असतें. त्यांतील गवंती टांका असा चालतो कीं कापडाची उलट बाजू आणि सुलट बाजू सारखीच दिसावी! आमच्या घोड आणि भीमा नद्यांच्या कांठच्या कोरडवाहू मुलखांत एवढी नाजूक कला सर्वत्र नांदत नव्हती. परंतु येथील स्त्रीच्या हातांत सुई नव्हती असें मात्र नाहीं. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धांवदोऱ्यानें शिवलेली गोधडी, बाळाची कुंची, पानसुपारीची चंची आणि लग्नाच्या रुखवतांतील रुमाल हें सारें तिचेंच काम होय. गोधडीचा टांका हा गरिबाघरचा टांका खरा. पण कशिद्याच्या नाजूक टांक्याशीं त्याचें नातें सख्ख्या बहिणीचें आहे.

ह्या कलेनें आमच्या भागांत जें सर्वांत मोठें कार्य केलें, तें मात्र शोभेचें नव्हतें, तर पोटाचें व अब्रूचें होतें. त्याचा धागा दूर फ्रान्समधील लियों शहरापर्यंत पोंचतो. लियों हें रेशमाचें शहर. राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९४ सालीं तेथील क्लॉडिन थेव्हने ह्या तरुणीचे दोन भाऊ मारले गेले. तिनें पुढें अनाथ मुलींना जवळ करून रेशमाचें काम शिकविलें, आणि १८१८ सालीं येशू व मारिया ह्यांच्या नांवानें धर्मभगिनींचा संघ स्थापिला. मुलीच्या हातीं हुन्नर दिला म्हणजे तिला कोणापुढें हात पसरावा लागणार नाहीं, हा तिचा विश्वास होता. ह्या संघाच्या भगिनी १८४२ सालीं हिंदुस्थानांत आल्या आणि १८६० सालीं पुण्याच्या लष्कर भागांत त्यांचें कॉन्व्हेंट सुरू झालें. त्या काळीं कॉन्व्हेंटच्या शाळांत शिवण व भरतकाम हे मुलींच्या शिक्षणाचे नित्याचे विषय असत. क्लॉडिन हिला १९९३ सालीं पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं संतपद दिलें.

दुसरें उदाहरण तर दौंड तालुक्यांतीलच आहे. पुण्याहून दौंडास जातांना केडगांव स्टेशन लागतें. तेथें पंडिता रमाबाई ह्यांनीं मुक्ति मिशन उभारिलें. रमाबाई कॅथोलिक नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें अँग्लिकन पंथांत झाला होता. तथापि पंथभेदामुळें उपकार विसरणें हें ख्रिस्ती मनाला शोभत नाहीं. १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं शारदा सदन काढलें. पुढें तें पुण्यास आणि नंतर केडगांवास आलें. १८९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून त्यांनीं सुमारें तीनशें निराधार स्त्रिया व मुली आणिल्या, आणि १९०० च्या सुमारास गुजराथेंतील दुष्काळानंतर मुक्तींतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. एवढ्या जिवांना नुसतें अन्न देऊन भागणार नव्हतें. म्हणून शेती, दूधदुभतें, तेलाचा घाणा, छापखाना व विणकाम ह्यांच्या जोडीला शिवण आणि भरतकामही शिकविण्यांत आलें. ज्या मुलीनें कालपर्यंत झाडपाला खाऊन जीव जगविला, तिच्या हातीं सुई देऊन हें काम तुझें आहे असें सांगणें, ह्यांत भाकरीहून अधिक कांहीं आहे. भुकेनें माणसाचें अंग झिजतें. परंतु आपण कोणाच्या उपयोगीं नाहीं ह्या भावनेनें मन झिजतें. सुईनें ह्या दुसऱ्या रोगावर औषध दिलें.

त्याच काळीं शिरूर येथें, घोडनदीच्या जुन्या छावणीच्या गांवीं, अमेरिकन मराठी मिशनची औद्योगिक शाळा होती. तेथें सुतारकाम व घायपाताच्या वाखाचें काम शिकवीत. काम निराळें, पण हेतु एकच : हाताला हुन्नर आणि माणसाला मान.

पुढें काळ बदलला. भरतकामाचें यंत्र १८२८ सालींच फ्रान्सांत निघालें होतें. हळूहळू यंत्राचें काम स्वस्त झालें आणि हाताच्या कामास गिऱ्हाईक उरलें नाहीं. चर्चमध्येंही पालट झाला. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेनें १९६३ सालीं उपासनेच्या वस्त्रांत डामडौलापेक्षां उदात्त सौंदर्य असावें असें सांगितलें, आणि १९६९ सालीं हिंदुस्थानांत याजकांना साधा झगा व त्यावर अंगवस्त्र वापरण्याची मोकळीक मिळाली. हा पालट योग्यच होता. साधेपणा म्हणजे मात्र कलेचा त्याग नव्हे. सुती वस्त्राच्या कांठावर प्रेमानें काढलेला एक क्रूस, बाजारांतून आणिलेल्या चकचकीत झग्याहून आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

तेव्हां वाचकहो, ह्या शुभप्रसंगीं आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, जेथें कोठें जुनीं भरलेलीं वस्त्रें पेटींत असतील तेथें त्यांना प्लॅस्टिकमध्यें कोंडूं नये. धुतलेल्या मलमलींत गुंडाळून ठेवावीं, अधूनमधून सावलींत वारा द्यावा, आणि घडी दर वेळीं निराळ्या जागीं घालावी, कारण एकाच घडीवर रेशीम तुटतें. काळ्या पडलेल्या जरीला चिंच किंवा लिंबू मुळींच लावूं नये. दुसरी, ज्या आज्यांनीं वेदीवस्त्रें भरलीं त्यांचीं नांवें, त्या हयात आहेत तोंवर, चर्चच्या वहींत लिहून घ्यावीं. तिसरी, सुटीच्या दिवसांत ह्याच आज्यांपुढें मुलींना, आणि मुलांनाही, बसवावें. अहलियाब पुरुषच होता, हें विसरूं नये!

बांधलेल्या भिंतीवर कोनशिला बसते, आणि तिच्यावर नांवें कोरलीं जातात. वस्त्रावर कोनशिला नसते. तेथें केवळ टांका असतो. तो टांका वाचावयास आपण शिकलों, तर त्या निनांवी हातांचें ऋण अंशतः तरी फिटेल.