एसीचे पाणी आणि भिंतीवरची बुरशी

1902 साल. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात रंगीत छपाई बिघडू लागली. एका कागदावर एकामागून एक रंग छापायचे, तर कागद दरवेळी त्याच मापाचा हवा. दमट हवेत तो फुगे, कोरड्या हवेत आक्रसे आणि रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. हे काम विलिस कॅरिअर या 25 वर्षांच्या अभियंत्याकडे आले. थंड नळ्यांवरून हवा खेळवली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, या गुणाचा त्याने उपयोग केला. म्हणजे एसीचा जन्म माणसाला गारवा देण्यासाठी नव्हे, हवेतले पाणी काढण्यासाठी झाला! 1906 साली स्टुअर्ट क्रेमरने या तंत्राला इंग्रजी नाव दिले ते कापडगिरण्यांसाठी, आणि तिथे गरज नेमकी उलटी होती: सूत तुटू नये म्हणून हवेत ओल घालायची.

मुंबईत 1933 साली उघडलेले रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या साध्या घरांत हे यंत्र पोचायला पुढे कित्येक दशके लागली. बुरशी मात्र इथे फार जुनी. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. पावसाळ्यात पुस्तके जपणे म्हणजे काय, हे अशा संस्थांना वेगळे सांगायला नको. जुन्या कौलारू घरांत फटींतून वारा खेळे, आणि भिंतींना दरवर्षी चुना लागे. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशीला सहसा थारा मिळत नाही. शिवाय त्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. प्लास्टिक पेंट ती कोंडून ठेवतो. मग पोपडे धरतात.

आता थोडा हिशेब करू. 40 घनमीटरची खोली, तापमान 30 अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता 85 टक्के. एका घनमीटर हवेत सुमारे 26 ग्रॅम, म्हणजे खोलीभर एक किलोहून थोडे अधिक बाष्प. तीच हवा 24 अंश आणि 50 टक्क्यांवर आणली की घनमीटरमागे 11 ग्रॅमच उरते. उरलेले अर्ध्या लिटरहून अधिक पाणी यंत्राच्या तबकात पडते. दार उघडले, नवी दमट हवा आत आली, की पुन्हा तेच. निचऱ्याची नळी धूळ आणि शेवाळी गाळाने तुंबली किंवा तिचा उतार चुकला, तर तबक भरून पाणी भिंतीत उतरते. हवेतून काढलेली ओल अशी गिलाव्यात जाऊन बसते.

बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. त्यांना हवी असते ओल. अनेक जातींना भिंतीलगतची आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास असली तरी पुरते. दमेकरी माणसाला, विशेषतः लहान मुलांना, त्याचा त्रास होतो. म्हणून डाग दिसताच त्यावर रंगाचा हात मारणे आम्हाला सर्वांत वाईट उपाय वाटतो. आधी नळी आणि तबक साफ करून गळती थांबवावी. भिजलेली भिंत एक-दोन दिवसांत सुकवता आली, तर बहुधा बुरशी धरतच नाही. धरलीच, तर कोरड्या ब्रशने खरवडू नये, बीजाणू उडतात. नाकातोंडावर मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसावी. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. भिजून बुरशी धरलेले जिप्समचे छत काढून टाकलेलेच बरे.

भिंत सुकली की नाही, हे विद्यार्थीही तपासू शकतील. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले, तर रंगाऱ्याला आणखी थोडे थांबायला सांगावे.