फाइल बदलली, बिल्ड हिरवाच

४ सप्टेंबर २०१९. ४६६ दिवस बाकी.
टेक्सासमधल्या ऑस्टिनची सोलरविंड्स ही कंपनी. तिचं 'ओरायन' हे सॉफ्टवेअर नेटवर्कवर देखरेख ठेवतं. अमेरिकी सरकारी खात्यांपासून बड्या कंपन्यांपर्यंत हजारो ठिकाणी ते बसवलेलं आहे. तिच्या यंत्रणेत कुणीतरी शिरलेलं आहे. कुणाला पत्ता नाही.

१२ सप्टेंबर. ४५८ दिवस.
घुसखोर ओरायनमध्ये थोडा निरुपद्रवी कोड मिसळून बघतात. ४ नोव्हेंबरला चाचणी थांबते. बोंब झालेली नसते.

२० फेब्रुवारी २०२०. २९७ दिवस.
जागतिक प्रमाणवेळ ११:४०:०२. साताऱ्या-सांगलीत संध्याकाळचे पाच दहा. पुढे 'सनस्पॉट' म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रोग्रामवर तो तयार झाल्याची हीच वेळ नोंदलेली आहे. बिल्ड सर्व्हरवर बसून तो दर सेकंदाला बघतो: कोड बांधणारं एमएसबिल्ड सुरू झालं का? ते ओरायनचंच आहे का? असेल, तर 'इन्व्हेंटरीमॅनेजर.सीएस' ही फाइल गाठतो. तिचा एमडी५ हॅश आपल्याजवळच्या हॅशशी ताडतो. जुळला तरच मूळ फाइल बाजूला ठेवून आपली तिच्या जागी घालतो. कंपाइलरने कुरकुर करू नये म्हणून आपल्या ओळींपुरत्या वॉर्निंगही बंद करून ठेवतो. काम संपलं की मूळ फाइल परत जागच्या जागी.

कुठली फाइल बदलली हे कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या सीआयमध्ये आपण कसं ओळखतो? मागचं कमिट आणि नवं कमिट ताडून. इथे कमिटच नव्हतं. रिपॉझिटरी स्वच्छ. कोड सर्व्हरवर उतरल्यानंतर आणि कंपाइलरने वाचण्याआधी जी फट असते, तिथे पहारा नव्हता. कंपाइल होण्याआधी त्या फाइलचा हॅश तपासणारा चोरच निघाला.

२६ मार्च. २६२ दिवस.
पाडव्याचा दुसरा दिवस, टाळेबंदीचाही दुसराच. सांगली जिल्ह्याचा जीव इस्लामपूरच्या रुग्णांच्या बातम्यांत अडकलेला. तिकडे ओरायनचं दूषित अपडेट ग्राहकांसाठी खुलं होतं. त्यावर कंपनीची अस्सल डिजिटल सही. बसवल्यावर आतला कोड १२ ते १४ दिवस गप्प राहतो.

मे अखेर.
चाचणीपुरतं ओरायन बसवलेल्या एका सर्व्हरवरून अमेरिकी न्याय विभागाला अनोळखी वाहतूक दिसते. सोलरविंड्सलाही विचारणा होते. कंपनीचे अभियंते कोड तपासतात. दोष सापडत नाही.

४ जून. १९२ दिवस.
घुसखोर बिल्डच्या यंत्रांवरून आपलं सामान काढून घेतात. अपडेट ग्राहकांकडे आहेच.

८ डिसेंबर. ५ दिवस.
फायरआय ही सुरक्षा कंपनी जाहीर करते की आपली चाचणी-हल्ल्यांची हत्यारं चोरीला गेली. संशय आला तो एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर नोंदल्या गेलेल्या दुसऱ्या फोनवरून.

१२ डिसेंबर. १ दिवस.
फायरआय सोलरविंड्सला कळवते: घाण तुमच्या अपडेटमध्ये आहे.

१३ डिसेंबर.
बातमी फुटते. दूषित अपडेट १८ हजारांपर्यंत ग्राहकांकडे पोहोचलेलं असू शकतं. त्याच रात्री अमेरिकी केंद्रीय खात्यांना आदेश निघतो: ओरायन ताबडतोब तोडा आणि तसं सोमवारी दुपारी बाराच्या आत कळवा. तिकडचे बारा म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा.

त्यानंतर सोलरविंड्सने बिल्डची पद्धत बदलली. आता एकच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या, एकमेकांपासून तोडलेल्या यंत्रणांवर बांधलं जातं आणि निकाल जुळवून पाहिले जातात.