सान्यावरची काच

जून उजाडला की आमच्या घरात एकच चर्चा असायची, यंदा सानं गळणार की नाही?

सानं हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. परभणी जिल्ह्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांना रस्त्याच्या बाजूने खिडक्या फारशा नसत. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, मध्ये लाकडी खांबांचे खण आणि वर मातीचं सपाट छत. माजघरात उजेड यायचा तो छताला ठेवलेल्या चौकोनी भोकातून. तेच सानं. चुलीचा धूर त्यातून बाहेर जायचा, ऊन त्यातून आत यायचं. उन्हाचा तो तुकडा भिंतीवर कुठवर सरकला हे पाहून आमची आजी वेळ सांगायची. पावसाचे चार थेंब पडले की घरातल्या एखाद्या पोराने माळवदावर पळत जाऊन त्यावर फरशी ओढायची, हा रिवाज. मग घरात भर दुपारी अंधार.

काच आली ती पुढे. 1900च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे झाली, सेलू, मानवत रोड, परभणी ही स्टेशनं तिच्यावर आली. कापूस बाहेर जाऊ लागला, तसा बाहेरचा माल आत येऊ लागला. निजामी अमलातल्या आमच्या घरात आजोबांनी सान्यावर लाकडी चौकट करून काच बसवली. गावात कौतुक झालं म्हणे. पण फरशी सरकवण्याचा त्रास गेला आणि गळतीचा सुरू झाला.

माळवद कसं रचतात ते आधी सांगतो, त्याशिवाय गळतीचं कोडं उलगडणार नाही. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या बारीक लाकडांची किलचण, तिच्यावर पाला आणि सर्वांत वर पांढरी माती. शेतातली काळी माती इथे चालत नाही. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. पांढरी माती आणायची ती जुन्या गावठाणातून. मोडलेल्या भिंती, राख, शतकानुशतकांचा उकिरडा यांची ती झालेली असते. आपल्या डोक्यावर पूर्वजांची घरंच अंथरलेली होती म्हणा ना! ती चोपून, उतार देऊन बसवली की पाणी वरवंडीच्या कडेने पन्हाळीकडे जातं. उन्हाळ्यात घर गार राहतं, रात्री अंथरुणं वर टाकता येतात.

पण ही माती दर पावसात थोडी वाहते, उंदीर-घुशी तिला भोकं पाडतात. म्हणून दरवर्षी मृगाआधी पांढरीच्या चार-दोन गाड्या आणून नवा थर द्यायचा. गळती असो नसो, थर द्यायचाच.

आता गळती शोधण्याची गोष्ट. थेंब जिथे पडतो तिथेच वर भोक असेल, असं समजणारा हमखास फसतो. पाणी तुळईच्या पोटाला धरून चार हात चालत जातं आणि गाठ आली की तिथे खाली उतरतं. वडिलांची रीत अशी: कोरड्या दिवशी सान्याच्या भोवती चुन्याची भुकटी भुरभुरायची. मग घागरीने पाणी सोडायचं ते आधी उताराच्या खालच्या बाजूला, थांबायचं, मग थोडं वर, पुन्हा थांबायचं, आणि काचेवर सगळ्यांत शेवटी. मी खाली कंदील घेऊन उभा. "आलं का रे?" "नाही अण्णा." एकदम सगळीकडे पाणी ओतलं तर गळतं एवढंच कळतं, कुठून ते कळत नाही.

थंडीत मात्र पाऊस नसतानाही काचेतून थेंब पडत. आई म्हणायची, आता तर कमालच झाली. ती गळती नव्हतीच. चुलीवरच्या आधणाची वाफ गार काचेला लागून तिचं पाणी होत होतं. 1851 साली जोसेफ पॅक्स्टनने लंडनमध्ये सुमारे तीन लाख काचांचा क्रिस्टल पॅलेस उभारला, तेव्हा त्यालाही या वाफेचा विचार करावा लागला होता. त्याने लाकडी पन्हाळींना आतल्या बाजूने बारीक खाचा ठेवल्या. आतलं पाणी खाचांतून, बाहेरचं पन्हाळीतून. आम्ही चौकटीच्या खालच्या कडेला करवतीने एक चर पाडली, एवढ्यावर भागलं.

पावसाळी गळती मात्र जाईना. जवसाचं तेल आणि खडूची भुकटी मळून लांबी भरली, ती दोन उन्हाळ्यांत तडकली. डांबर ओतलं, ते वैशाखात वितळून माजघरात टपकलं. काच बदलली. दर वेळी दोष काचेच्या माथी.

खरं कारण कळलं ते 1993 साली. 30 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे फडताळातली भांडी वाजली. तिकडे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि वर्षानुवर्षं थर देऊन दीड-दोन फुटांवर गेलेली माळवदाची माती अंगावर आली. खांबांचा सांगाडा मजबूत होता तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही छत उभं राहिलं.

वडील त्या आठवड्यात फावडं घेऊन माळवदावर चढले. सान्याजवळ खणलं तर माती पावणेदोन फूट भरली. हिशेब करा, एक घनफूट माती साधारण पंचेचाळीस किलोची. दहा बाय बाराच्या माजघरावर साडेनऊ टन होते आणि आम्ही खाली निवांत झोपत होतो. खणताना सान्याचा मूळ कठडाही सापडला. आजोबांनी काच मातीच्या वर चांगली वीतभर उचलून बसवली होती. दरवर्षीच्या थराने माती चढत गेली आणि कठडा बुडाला. काचेकडून बाहेर वाहायचं पाणी उलट काचेकडेच येत होतं. गळू नये म्हणून टाकलेल्या मातीनेच घर गळत होतं! आणि ती माती टाकणारे आम्हीच. अण्णा बराच वेळ वरवंडीवर बसून राहिले.

फुटाहून अधिक माती उतरवली, उतार नव्याने काढला, काच कठड्याच्या चारी बाजूंनी दोन बोटं बाहेर येईल अशी बसवली. त्यानंतर सानं गळलं नाही.

गावात मात्र भीतीने बरीच माळवदं मोडली गेली आणि पत्रे आले. पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवतात. 2024च्या मार्चमध्ये हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे 1999पर्यंतच्या आमच्याच परभणी जिल्ह्यात, साडेचार तीव्रतेचा धक्का बसला, जुलैत पुन्हा बसला. मार्चच्या धक्क्यानंतर मराठवाड्यात प्रशासनाने सांगितलं, पत्र्यांवरचे दगड काढा. शेजारच्या घरी कर्ती पोरं पुण्याला, म्हातारी एकटी. मी नातवाला शिडी लावून वर चढवलं. सतरा दगड निघाले. "आता वारा सुटला म्हणजे रे?" म्हातारीने विचारलं. दुसऱ्या दिवशी सेलूहून हुक आणले आणि पत्रे खालच्या वाशांना आवळून बांधले. हुकांच्या भोकांतून पाणी येतं का, ते पाहायला घागर घेऊन मीच वर गेलो.