पाणी तापवण्याच्या विजेवर तीन हजार किलोमीटर

न्हाणीघरात पाणी तापवण्याचा विजेचा रॉड साधारण दीड किलोवॉट वीज खातो. एवढ्याच शक्तीवर माणसाला बसवून मोटार चालवायची, आणि तीही एक अख्खा खंड ओलांडून, ही कल्पना कोणालाही वेडगळ वाटेल. डिसेंबर १९८२ मध्ये हान्स थोलस्ट्रप हा मूळचा डॅनिश साहसवीर, लॅरी पर्किन्स या शर्यतपटूला बरोबर घेऊन, सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या गाडीतून ऑस्ट्रेलियातील पर्थहून सिडनीला निघाला. सुमारे ४,००० किलोमीटरचे अंतर त्यांनी जेमतेम २० दिवसांत कापले. सरासरी वेग होता ताशी २३ किलोमीटर, म्हणजे चांगल्या सायकलस्वाराएवढा!

याच थोलस्ट्रपच्या पुढाकाराने १९८७ मध्ये डार्विन ते अ‍ॅडलेड अशी ३,००० किलोमीटरची सौरगाड्यांची शर्यत सुरू झाली. सकाळी आठला निघायचे आणि सायंकाळी पाच वाजता जिथे असू तिथेच रस्त्याच्या कडेला मुक्काम करायचा, असा नियम होता. पहिली शर्यत जनरल मोटर्स कंपनीच्या ‘सनरेसर’ने ताशी ६७ किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. तिच्या पाठीवर सुमारे आठ चौरस मीटर सौरघट होते. भर दुपारी तेवढ्या जागेवर आठेक किलोवॉट ऊन पडते. घटांतून वीज मिळते ती त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे आपल्या रॉडइतकीच.

बड्या कंपन्यांपुढे विद्यार्थ्यांचा काय पाड लागणार, असे तेव्हा वाटणे स्वाभाविक होते. पण १९९० मध्ये पहिला आला तो स्वित्झर्लंडमधील बील या घड्याळांच्या गावातील अभियांत्रिकी विद्यालयाचा संघ. जपानची होंडा कंपनी दुसरी आली आणि तिसरा क्रमांक अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पटकावला.

हे शक्य कसे झाले? या शर्यतीत नुसत्या जोराला फारशी किंमत नसते. किंमत असते ती हिशेबाला. हवेच्या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ताशी ६० वरून ७२ किलोमीटरवर नेला, म्हणजे केवळ २० टक्के वाढवला, तरी ही शक्ती सुमारे १.७३ पट लागते. एक तास ५० च्या आणि एक तास ७० च्या वेगाने गेलो काय किंवा दोन्ही तास ६० च्या वेगाने गेलो काय, अंतर १२० किलोमीटरच. पण ५० आणि ७० यांच्या घनांची बेरीज ४,६८,००० होते, तर ६० च्या घनाची दुप्पट ४,३२,०००. म्हणजे वेग कमीजास्त करणारा हवेशी झुंजण्यात आठ टक्के ऊर्जा जास्त घालवतो. नववी-दहावीच्या वर्गात हे गणित सहज घालता येईल.

अर्थात पैशाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. १९९३ मध्ये होंडा परतली ती २० टक्क्यांहून अधिक कार्यक्षम सौरघट घेऊन, आणि ताशी ८५ किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. बीलचे विद्यार्थी दुसरे आले. २००१ पासून नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांनी सतत विजय मिळवले. २००५ मध्ये त्यांची सरासरी १०२.७५ वर पोहोचली, तेव्हा गाड्या फार वेगवान झाल्या म्हणून २००७ पासून सौरघटांसाठी सहाच चौरस मीटर जागा ठेवण्यात आली. २०१७ मध्ये ती चारवर आली. विजेत्यांच्या वाट्याचे ऊन निम्मे झाले, तरी वेग निम्मा झाला नाही. का, हे वरील घनाच्या नियमावरून विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.

हिशेब चोख असला तरी यश हमखास मिळतेच असे नाही. २०१९ मध्ये डेल्फ्टची गाडी अखेरच्या दिवशी आघाडीवर असताना पेटली आणि जळून गेली. चालक सुखरूप बाहेर पडला. शर्यत बेल्जियमच्या लूव्हनच्या विद्यार्थ्यांनी जिंकली.

एकाच माणसाला नेणारी, सामानाला जागा नसलेली ही गाडी बाजारात कोण घेणार, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. घेणार कोणीच नाही. पण ‘सनरेसर’च्या अनुभवातूनच जनरल मोटर्सची विजेवर चालणारी मोटार १९९० च्या दशकात आकाराला आली. त्याहून मोठे फळ म्हणजे ती बांधणारे विद्यार्थी. एकेक वॉट कुठे जातो हे ज्याने स्वतः मोजले, त्याला काटकसर शिकवावी लागत नाही.