चालण्याची शर्यत (क्रीडाप्रकार)

चालण्याची शर्यत हा मैदानी खेळांतील लांब पल्ल्याचा एक क्रीडाप्रकार आहे. त्यात स्पर्धकाने ठरावीक अंतर न धावता, केवळ चालून, कमीत कमी वेळात पार करावयाचे असते. मराठी वृत्तपत्रांत व शालेय स्पर्धांच्या पत्रकांत हा प्रकार ‘चालणे’ किंवा ‘वॉकिंग’ या नावानेही आढळतो. ही शर्यत धावपट्टीवर तसेच रस्त्यावर घेतली जाते. धावण्याच्या शर्यतीत प्रथम पोहोचणारा विजयी ठरतो. येथे मात्र प्रथम पोहोचणाऱ्याची चाल नियमांत बसणे तितकेच आवश्यक असते. त्यामुळे वेग आणि शुद्धता यांचा एकाच वेळी कस पाहणारी ही शर्यत मानली जाते.

व्याख्या आणि मूलभूत नियम

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेच्या नियमानुसार चालण्याच्या दोन अटी आहेत. पहिली अट जमिनीशी संपर्काची आहे. एक पाऊल जमिनीवरून सुटण्यापूर्वी दुसरे पाऊल टेकलेले असावे. दोन्ही पावले एकाच वेळी अधांतरी असल्याचे मानवी डोळ्यांना दिसता कामा नये. दुसरी अट गुडघ्याची आहे. पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीर त्यावर सरळ उभ्या स्थितीत येईपर्यंत गुडघ्यात वाकलेला नसावा.

पहिल्या अटीतील ‘मानवी डोळ्यांना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. उच्च गतीच्या चित्रीकरणात अव्वल स्पर्धकांची दोन्ही पावले सेकंदाच्या अत्यल्प भागापुरती जमिनीपासून सुटलेली दिसतात. तथापि पंचांनी केवळ उघड्या डोळ्यांनी निर्णय द्यावयाचा असल्याने असा सूक्ष्म खंड दोष ठरत नाही. या तरतुदीमुळे खेळ व्यवहार्य राहिला. मात्र निर्णयांबाबतच्या वादांचे मूळही तिच्यातच आहे.

पंच, इशारे आणि दंड

रस्त्यावरील आंतरराष्ट्रीय शर्यतीत मुख्य पंचासह सहा ते नऊ पंच असतात. शर्यत एक ते दोन किलोमीटरच्या वळशावर पुनःपुन्हा फिरून होते, त्यामुळे प्रत्येक स्पर्धक प्रत्येक पंचाच्या नजरेखालून अनेकदा जातो. चाल सदोष होण्याच्या बेतात आहे असे वाटल्यास पंच पिवळी पाटी दाखवून इशारा देतो. पाटीवरील नागमोडी रेषेचा (~) अर्थ संपर्क सुटणे, तर कोनाच्या चिन्हाचा (<) अर्थ गुडघा वाकणे असा आहे. दोष स्पष्ट दिसल्यास पंच त्या स्पर्धकाविरुद्ध लाल पत्र नोंदवितो. एका पंचाला एका स्पर्धकाविरुद्ध एकच लाल पत्र देता येते.

तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल पत्रे झाली की स्पर्धक बाद होतो आणि मुख्य पंच त्याला लाल पाटी दाखवितो. अलीकडे अनेक स्पर्धांत दंडक्षेत्राची पद्धत वापरली जाते. तीत तिसऱ्या लाल पत्रानंतर स्पर्धकाला मार्गालगतच्या राखीव जागेत थांबावे लागते. ५ किलोमीटरसाठी ३० सेकंद, १० किलोमीटरसाठी १ मिनिट आणि २० किलोमीटरसाठी २ मिनिटे असा हा दंड असतो. चौथे लाल पत्र मिळाल्यास मात्र तो बाद ठरतो.

या नियमांची कठोरता २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये विशेषत्वाने दिसली. पुरुषांच्या २० किलोमीटर शर्यतीत मेक्सिकोचा बर्नार्डो सेगुरा प्रथम पोहोचला. परंतु शर्यत संपल्यानंतर त्याला बाद झाल्याचे कळविण्यात आले आणि सुवर्णपदक पोलंडच्या रॉबर्ट कोझेनिओव्स्कीला मिळाले. त्याच स्पर्धेतील महिलांच्या शर्यतीत ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल आघाडीवर असताना स्टेडियमच्या प्रवेशद्वाराशी बाद झाली.

तंत्र

नेहमीच्या चालण्याचा वेग ताशी ५ ते ६ किलोमीटर असतो. २० किलोमीटरचे अंतर १ तास २० मिनिटांत पार करणारा स्पर्धक ताशी १५ किलोमीटर वेगाने चालतो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला त्याला ४ मिनिटे लागतात. पाय सरळ ठेवण्याच्या अटीमुळे पावलाची लांबी गुडघ्याच्या साहाय्याने वाढविता येत नाही. ती कमरेच्या फिरण्यातून साधावी लागते. नवख्या प्रेक्षकाला विचित्र वाटणारी कमरेची हालचाल ही या नियमाचीच परिणती आहे. हात कोपरात वाकवून लयीत हलविणे, टाच प्रथम टेकणे आणि पावले जलद टाकणे ही तंत्राची अन्य अंगे होत. थकवा वाढताच गुडघा वाकू लागतो किंवा पाऊल उचलले जाते. म्हणून शर्यतीच्या उत्तरार्धात बाद होण्याचे प्रमाण अधिक असते. नडगीच्या पुढील भागाचे स्नायू आणि मांडीच्या मागील स्नायू यांवर या चालीचा ताण विशेष पडतो.

इतिहास

या खेळाची मुळे इंग्लंडमधील पैज लावून चालण्याच्या प्रथेत आहेत. १८०९ मध्ये रॉबर्ट बार्कली अलार्डिस याने १,००० तासांत १,००० मैल चालण्याची पैज जिंकली. हौशी खेळाडूंच्या इंग्लिश अजिंक्यपद स्पर्धेत १८६६ साली ७ मैल चालण्याची शर्यत घेण्यात आली. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ३,५०० मीटर व १० मैल अशा दोन स्वतंत्र शर्यती झाल्या. दोन्ही ब्रिटनच्या जॉर्ज लार्नरने जिंकल्या.

पंचांच्या निर्णयांवरील वादांमुळे १९२८च्या ऑलिंपिकमधून चालण्याची शर्यत वगळण्यात आली. १९३२ मध्ये ५० किलोमीटरच्या रूपाने ती परतली. १९५६ मध्ये पुरुषांसाठी २० किलोमीटर, १९९२ मध्ये महिलांसाठी १० किलोमीटर आणि २००० मध्ये महिलांसाठी २० किलोमीटर या शर्यतींचा समावेश झाला. महिलांची ५० किलोमीटर शर्यत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २०१७ साली प्रथम झाली व ती पोर्तुगालच्या इनेश हेन्रिकेशने जिंकली. ऑलिंपिकमध्ये मात्र महिलांना हे अंतर कधीच मिळाले नाही. पुरुषांची ५० किलोमीटर शर्यत टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ साली) अखेरची झाली. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिच्या जागी एक पुरुष व एक महिला यांनी आळीपाळीने चालावयाची मॅरेथॉन अंतराची मिश्र सांघिक शर्यत आली. तिचे सुवर्णपदक स्पेनच्या अल्व्हारो मार्टिन व मारिया पेरेझ यांनी मिळविले.

जागतिक संघटनेने २०२६पासून २० व ३५ किलोमीटरऐवजी अर्धमॅरेथॉन (२१.०९७५ किलोमीटर) आणि मॅरेथॉन (४२.१९५ किलोमीटर) ही अंतरे स्वीकारली आहेत. धावण्याच्या शर्यतींमुळे ही अंतरे सामान्य प्रेक्षकांना परिचित आहेत. परंतु या बदलामुळे जुन्या अंतरांवरील वेळांशी नव्या निकालांची थेट तुलना करता येत नाही.

भारतातील वाटचाल

आशियाई क्रीडा स्पर्धांत भारताला या प्रकारात प्रारंभीच यश मिळाले. १९७८च्या बँकॉक स्पर्धेत हाकम सिंग यांनी आणि १९८२च्या नवी दिल्ली स्पर्धेत चांद राम यांनी २० किलोमीटरचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतरचा दीर्घ काळ मोठ्या पदकांविना गेला.

२०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये केरळच्या के. टी. इरफानने १ तास २० मिनिटे २१ सेकंद अशी वेळ देऊन दहावा क्रमांक मिळविला आणि हा प्रकार पुन्हा चर्चेत आला. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत पंजाबच्या खुशबीर कौरने रौप्यपदक जिंकले. आशियाई क्रीडा स्पर्धांत चालण्याच्या शर्यतीचे पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला होय. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मनीष सिंग रावत तेरावा आला. त्याच वर्षी गुरमीत सिंगने जपानमधील नोमी येथे आशियाई चालण्याच्या अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले.

२०२१ मध्ये नैरोबी येथील २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत हरियाणाच्या अमित खत्रीने १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक पटकावले. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत उत्तर प्रदेशच्या प्रियंका गोस्वामीने १०,००० मीटरचे रौप्यपदक ४३ मिनिटे ३८.८३ सेकंदांत, तर संदीप कुमारने पुरुषांचे कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी मस्कत येथील जागतिक सांघिक स्पर्धेत भारतीय महिलांच्या संघाला २० किलोमीटरचे कांस्यपदक मिळाले. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत राम बाबू व मंजू राणी यांनी ३५ किलोमीटर मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदक जिंकले. जानेवारी २०२४ मध्ये चंडीगड येथे अक्षदीप सिंगने २० किलोमीटरसाठी १ तास १९ मिनिटे ३८ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. ऑलिंपिक पदक मात्र भारताला या प्रकारात अद्याप मिळालेले नाही.

वरील यशस्वी खेळाडूंत पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, उत्तराखंड व केरळ येथील नावे प्रामुख्याने आढळतात. लांब पल्ल्याच्या धावण्यात कविता राऊत, ललिता बाबर यांच्यासारख्या धावपटू देणाऱ्या महाराष्ट्राचे नाव चालण्याच्या आंतरराष्ट्रीय पदकांत अभावानेच दिसते.

महाराष्ट्रातील स्पर्धारचना

महाराष्ट्रात विद्यार्थी खेळाडूची या शर्यतीशी पहिली ओळख बहुधा शालेय क्रीडा स्पर्धांत होते. या स्पर्धांत मोठ्या वयोगटांतील मुलींसाठी ३ व मुलांसाठी ५ किलोमीटर चालण्याचा प्रकार असतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय असा हा चढता क्रम आहे. महानगरपालिका क्षेत्रांना जिल्ह्याप्रमाणे स्वतंत्र पातळी असते. उदाहरणार्थ, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीतील कात्रप येथील शाळेचा विद्यार्थी अंबरनाथ तालुक्यातून ठाणे जिल्ह्याच्या पातळीवर जातो, तर शेजारच्या उल्हासनगरमधील विद्यार्थी महानगरपालिका क्षेत्रातून पुढे येतो. दोघांची गाठ मुंबई विभागाच्या स्पर्धेत पडते. विहित पातळीवर सहभाग वा प्राविण्य मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावी व बारावीच्या परीक्षेत शासनाच्या नियमांप्रमाणे क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. त्यामुळे पंचांच्या एका लाल पत्राचा परिणाम मैदानापुरता मर्यादित राहत नाही.

शाळेबाहेरील खेळाडूसाठी क्लब, जिल्हा संघटना, राज्य संघटना आणि भारतीय ॲथलेटिक्स महासंघ अशी दुसरी शिडी आहे. महाविद्यालयीन खेळाडू आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोहोचतात. पायातील योग्य बूट वगळता या प्रकाराला खर्चिक साहित्य लागत नाही. खरी उणीव असते ती चाल पारखून दुरुस्त करणाऱ्या मार्गदर्शकाची आणि वाहनांपासून सुरक्षित अशा सपाट मार्गाची. नियम न शिकता सराव केलेला वेगवान मुलगा पहिल्याच मोठ्या स्पर्धेत बाद होतो, कारण स्थानिक पातळीवर प्रशिक्षित पंच नसल्यास त्याचा दोष तोवर कोणी दाखविलेला नसतो.

वयोगट

२० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत मुले व मुली दोहोंसाठी १०,००० मीटर हे अंतर असते. वयाच्या ३५ वर्षांपासून पुढे ‘मास्टर्स’ किंवा प्रौढ गट सुरू होतात. प्रत्येक गट पाच वर्षांचा असतो : ३५ ते ३९, ४० ते ४४ आणि याच क्रमाने पुढे. जागतिक प्रौढ स्पर्धांची परंपरा १९७५च्या टोरांटो येथील स्पर्धेपासून सुरू झाली. या स्पर्धांत धावपट्टीवर ५,००० मीटर आणि रस्त्यावर १० व २० किलोमीटर चालण्याच्या शर्यती असतात. संपर्काचा व गुडघ्याचा नियम सर्व वयांना सारखाच लागू असल्याने गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठ स्पर्धकांना दुसरी अट विशेष अवघड जाते.

वेगवेगळ्या वयाच्या स्पर्धकांच्या कामगिरीची तुलना करण्यासाठी वयानुरूप गुणांकाची पद्धत वापरतात. स्पर्धकाची वेळ त्या वयासाठी ठरविलेल्या प्रमाण वेळेशी ताडून टक्केवारी काढली जाते. त्यामुळे ७० वर्षांच्या स्पर्धकाची कामगिरी ३५ वर्षांच्या स्पर्धकापेक्षा सरस ठरू शकते.

निकालपत्रकाचे वाचन

निकालपत्रकात क्रमांक, स्पर्धकाचा अंक, नाव, संघ आणि वेळ असे रकाने असतात. २० किलोमीटरच्या निकालातील १:२८:४५ याचा अर्थ १ तास २८ मिनिटे ४५ सेकंद असा होतो. ही वेळ प्रियंका गोस्वामीने २०२१ मध्ये रांची येथे राष्ट्रीय विक्रमासह नोंदविली होती. नावापुढील काही सामान्य संक्षेप पुढीलप्रमाणे आहेत :

डीक्यू : नियमभंगामुळे बाद.
डीएनएफ : शर्यत अपूर्ण सोडली.
डीएनएस : नाव नोंदवूनही प्रारंभ केला नाही.
पीबी : स्पर्धकाची आजवरची सर्वोत्तम वेळ.
एसबी : चालू हंगामातील सर्वोत्तम वेळ.
एनआर : राष्ट्रीय विक्रम.

सविस्तर पत्रकात प्रत्येक स्पर्धकाला मिळालेली लाल पत्रे ~ किंवा < या चिन्हांनी दर्शविलेली असतात. खेळाडू व मार्गदर्शक यांच्यासाठी ही चिन्हे वेळेइतकीच उपयुक्त असतात, कारण पुढील सरावात काय सुधारावयाचे ते त्यांतून कळते. दोन शर्यतींच्या वेळांची तुलना करताना मार्गाचे अंतर प्रमाणित होते का, हेही पाहावे लागते. रस्त्यावरील मार्ग प्रमाणित सायकलीच्या साहाय्याने मोजला जातो. असे मोजमाप नसलेल्या मार्गावरील वेळ विक्रमासाठी ग्राह्य धरली जात नाही.

जागतिक विक्रम

पुरुषांच्या २० किलोमीटरमध्ये जपानच्या तोशिकाझु यामानिशीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबे येथे १:१६:१० अशी वेळ नोंदविली. त्यापूर्वीचा १:१६:३६ हा विक्रम त्याचाच देशबांधव यूसुके सुझुकी याने २०१५ मध्ये नोमी येथे केला होता. महिलांच्या २० किलोमीटरमध्ये चीनच्या यांग जियायूने २०२१ मध्ये १:२३:४९ अशी वेळ दिली. पुढे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदकही जिंकले. पुरुषांच्या ५० किलोमीटरमध्ये फ्रान्सच्या योहान दिनीझने २०१४ मध्ये झुरिच येथे ३:३२:३३ ही वेळ नोंदविली.