फाटक्या वस्त्रांचे शब्द

पौषात पालीच्या खंडोबाची यात्रा जवळ आली, की सातारा-सांगलीच्या रस्त्यांकडेला पाले पडू लागतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे ते संसार. अशाच एका पालातील बाई एकदा रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या फाटकाशी उभी राहिली. अंगावर लक्तरे होती. आमच्या धर्मग्रामातील एक शिकलेला तरुण तिच्याकडे पाहून इंग्रजीत ‘व्हॅगाबाँड’ म्हणाला. त्याच्या आजीने तेच मराठीत सांगितले, ‘भामटी मेली!’ नातवाचा शब्द कुठून आला आणि आजीचा कुठून, हे शोधण्याची हुरहूर आम्हांस तेव्हापासून लागली.

चिंध्या पांघरलेल्या, बेघर माणसांसाठी इंग्रजीत शब्दांची मोठी रेलचेल आहे. ट्रॅम्प, होबो, बम, लोफर ही त्यांतली काही. ‘रॅगमफिन’ हा शब्द आज फाटक्या कपड्यांतल्या पोराला काहीशा लाडाने लावतात. पण चौदाव्या शतकातील लँगलंड या कवीच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात ते एका सैतानाचे नाव आहे. श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या, शुभवर्तमानातील लाझरसच्या नावावरून नेपल्सचे कंगाल लोक ‘लाझारोनी’ ठरले. ‘व्हॅगाबाँड’ची कुळी मात्र साधी आहे. सेमिनरीत घोकलेल्या लॅटिनमध्ये ‘व्हागारी’ म्हणजे भटकणे, एवढेच. त्यात पाप नाही की गुन्हा नाही.

गुन्हा आणला तो कायद्याने. इंग्लंडमध्ये १५४७ साली असा कायदा झाला, की काम न करता भटकणाऱ्याच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘व्ही’ हे अक्षर डागावे आणि त्याला दोन वर्षे गुलाम करावे. तो फार काळ टिकला नाही. पण १५७२ च्या कायद्याने चाबकाचे फटके आणि कानाची पाळी जाळणे ही शिक्षा ठरवली, आणि ‘व्हॅगाबाँड’ कोण याची यादीच दिली. अस्वले खेळवणारे, परवाना नसलेले नट व गवई, फेरीवाले, भांडी सांधणारे, सारे त्यात आले. आमच्या वाचकांना या यादीत आपले दरवेशी, कोल्हाटी, बहुरूपी, घिसाडी दिसल्यावाचून राहणार नाहीत. ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास उतरले, ते याच इंग्लंडचे सुपुत्र. त्यांच्या मायदेशी कॅथलिक धर्मगुरूंनाही त्या काळात वेष पालटून, घरोघर लपत हिंडावे लागे.

हेच कायदे पुढे गलबतात बसून आमच्याकडे आले. पण येताना त्यांचे दोन तुकडे झाले. निर्धन, बेकार गोऱ्यांसाठी १८६९ आणि १८७४ चे युरोपीय भटक्यांचे कायदे. हिंदुस्थानातील साहेब अशा आपल्याच भाईबंदांना ‘लोफर’ म्हणत. आज कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांना आपण तोच शब्द वापरतो. त्या लोफरसाठी सरकारने वर्कहाऊस उघडले, प्रसंगी मायदेशी धाडण्याची सोयही केली. एतद्देशीय भटक्यांच्या वाट्याला आला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. एका माणसाने चोरी केली असे सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. जमात जाहीर झाली, की तिच्या पोटी येणारे मूल कायद्याच्या लेखी गुन्हेगार. १९११ मध्ये हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडताना परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती.

मात्र सारा दोष साहेबाच्या माथी मारणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. भामटा हे एका जमातीचे नाव आणि ठकाला दिलेली शिवी, दोन्ही एकच. बेरडाचेही तसेच, निगरगट्ट माणसाला आपण ‘बेरड’ म्हणतो आणि त्या नावाची जमात आहे हे विसरतो. गावाची राखण करणारा रामोशी असो वा रानात फासे लावणारा पारधी, त्यांच्याविषयी संशय आमच्या वेशींवर आधीच उभा होता. इंग्रजांनी त्याला शिक्का आणि दफ्तर दिले.

सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात जन्मलेले लक्ष्मण माने कैकाडी समाजाचे. हे नावही गुन्हेगारांच्या यादीत होते. फोकाच्या टोपल्या विणत, गाढवावर संसार लादून गावोगाव जाणारे हे लोक. माने यांचे आत्मकथन १९८० मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाहेरच्यांनी दिलेला ‘उपरा’ हा शब्द त्यांनी स्वतःच मुखपृष्ठावर घेतला.

१९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हटल्या जाऊ लागल्या. नवा शब्द चांगला, पण सात वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने भीकबंदीचा कायदा केला. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, किरकोळ वस्तू विकायला पुढे करणे, ही सारी भीक मागण्याची निमित्ते ठरू शकतात असे त्यात आहे. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि माणूस भिकाऱ्यासारख्या अवस्थेत हिंडतो आहे, एवढेही पुरते. म्हणजे लक्तरे हाच पुरावा! १५७२ ची यादी आमच्या वासुदेवापर्यंत येऊन पोहोचली. हा कायदा दिल्लीसही लावला होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातील मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली.

ख्रिस्तसभेच्या दफ्तरात अशा माणसाची वेगळी नोंद सापडते. फ्रान्सचा बेनेडिक्ट जोसेफ लाब्र याला मठांनी परत पाठवले. मग तो तीर्थामागून तीर्थ पायी हिंडला आणि रोममध्ये कलोसियमच्या पडक्या भिंतींच्या आडोशाला राहिला. अंगावर चिंध्या, त्यांत उवा. १७८३ च्या एप्रिलमध्ये तो एका चर्चच्या पायऱ्यांवर कोसळला. एका खाटकाच्या घरी त्याने प्राण सोडला. तेराव्या लिओ पोपमहोदयांनी १८८१ मध्ये त्याला संतपद दिले. हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. संत लाब्र पालीच्या रस्त्यावर भेटले असते, तर हवालदाराने त्यांना काय म्हटले असते, याविषयी आम्हांस शंका नाही.

फाटकाशी आलेल्या त्या बाईच्या ओच्यात सुया, दाभण आणि बिब्बे होते. ती विकायला आली होती, हे आमच्या ध्यानात आले तोवर कोणीतरी तिच्या हातावर दोन रुपये ठेवले होते आणि ती वळली होती. धर्मग्रामाच्या मदतवहीत त्या रविवारची नोंद आम्ही परवा काढून पाहिली. आमच्याच अक्षरात तेथे लिहिले आहे : भिकारी, स्त्री, एक.